उजेडाने लिहायचं की विजेने? मेमरिस्टरचा प्रोजेक्ट निवडताना

लोकमान्य नगरात आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीचं एम.एस्सी.चं शेवटचं सत्र जानेवारीत सुरू होतंय. परवा तिनं जिन्यातच गाठलं. "काका, मेमरिस्टर घेतेय. विजेचा घेऊ की उजेडाचा?" हातात भाजीची पिशवी होती, उत्तर अर्धवट राहिलं. ते इथे पुरं करतो, कारण इंदूरमध्ये हा प्रश्न पडलेली ती एकटी नसणार.

मेमरिस्टर म्हणजे आपल्यातून काय गेलं ते लक्षात ठेवणारा रोध. लिऑन चुआंनी १९७१ साली तो कागदावर मांडला, २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेनं टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात दाखवला. मेंदूतल्या सायनॅप्ससारखा, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडासारखा, तो जिथं माहिती साठवतो तिथंच हिशेबही करतो, म्हणून एवढी धावपळ.

विजेच्या प्रकारात दोन इलेक्ट्रोडमधल्या ऑक्साइडवर व्होल्टेज दिलं की ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा सरकतात आणि वाहक धागा तयार होतो. उलटं व्होल्टेज दिलं की धागा तुटतो. वीज गेली तरी अवस्था टिकते. अशा घटकांची जाळी केली तर व्होल्टेज गुणिले वाहकता, आणि स्तंभातल्या प्रवाहांची बेरीज, हे गणित ओहम आणि किर्शॉफ यांचे विजेचे नियम आपणहून करून देतात. दुखणं असं की धागा दर वेळी थोडा वेगळा बनतो. काल मिळालेला आलेख आज मिळेलच असं नाही, आणि पहिल्यांदा धागा घडवताना जास्त व्होल्टेजनं नमुना जळूही शकतो.

उजेडाच्या प्रकाराची गंमत मला चुकून कळली. झिंक ऑक्साइडची फिल्म, वर सिल्व्हर पेस्टचे दोन ठिपके, आणि करंट काही केल्या स्थिर होईना. पेस्ट सैल असेल म्हणून दोनदा खरवडून पुन्हा लावली. दोषी निघाली डोक्यावरची ट्यूबलाइट! तिच्या उजेडात थोडं अतिनील असतंच. दिवा बंद करून, काळं कापड टाकून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळीही करंट हळूहळू उतरतच होता. प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन लगेच परत बसत नाहीत, म्हणून उजेड गेल्यावरही आठवण उरते. लागोपाठ दोन झोत टाकले तर दुसऱ्याचा परिणाम मोठा दिसतो, सायनॅप्समध्ये दिसतो तसाच. झिंक ऑक्साइडचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, साधारण ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ३७५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील एलईडी पुरतो.

खरी मेख पुसण्यात आहे. उजेड वाहकता वाढवतो सहज, खाली आणायला मात्र व्होल्टेज, उष्णता किंवा नुसता धीर लागतो. निळ्यानं लिहून निकट-अवरक्तानं पुसणारे ऑक्साइडचे घटक झाले आहेत, पण थरांचं ते गणित सहा महिन्यांत जमवायला जाऊ नये. शिवाय ही आठवण विरत जाते. न्यूरल नेटवर्कचे भार, म्हणजे शिकून झालेले आकडे, वर्षानुवर्षं जपायचे तर हा दोषच. पण डोळ्यासारखं बघता बघता लक्षात ठेवणारं आणि जुनं आपोआप विसरणारं सेन्सर हवं असेल तर तोच गुण, कारण चित्र थेट साठवणीवरच पडतं.

तिसराही पर्याय आहे: पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीच्या जातीचा जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियमचा पदार्थ प्रकाशवाहक नळीवर बसवायचा. तो प्रकाशानेच लिहितो, पुसतो आणि टिकवतो. पण नळी घडवायची सोय गाइडच्या ओळखीत नसेल तर त्यावर वेळ घालवू नका.

पुढे चिप डिझाइनकडे वळायचं असेल तर विजेचा घ्या. घटकांच्या फरकातून आकडेवारी काढणं हाच तिथला धडा. पदार्थविज्ञान आवडत असेल आणि हाताशी साधी फिल्म, एलईडी आणि करंट मोजायचं यंत्र एवढंच असेल, तर उजेडानं लिहिणारा आणि विजेनं पुसणारा घ्या. मी तिला हाच सांगितला. जानेवारी ते मे इथली हवा कोरडी असते, तेही बरं. झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग हवेतल्या ऑक्सिजनशी आणि ओलाव्याशी देवाणघेवाण करतो आणि पावसाळ्यात विरण्याचा वेग भलताच येऊ शकतो.

वहीत करंटच्या शेजारी आणखी एक रकाना आखायलाही सांगितलंय: खोलीतला दिवा किती वाजता बंद केला.