आयव्हीसी फिल्टर: आयसीयूत बेडवरच सोनोग्राफीने टाकायचा की कॅथलॅबला न्यायचं?

पायात मोठी गुठळी आहे, पण मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणून रक्त पातळ करायचं औषध देता येत नाही, अशा पेशंटला आयव्हीसीत, म्हणजे पोटातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत, गुठळी फुफ्फुसात जाऊ नये म्हणून जाळीसारखा फिल्टर टाकायचं ठरतं आणि मग नातेवाइकांना विचारतात, इथेच बेडवर करू की खाली कॅथलॅबला, म्हणजे एक्सरेवर बघत शिरांची कामं करतात त्या खोलीत, नेऊ?

पेशंट हलवण्यासारखा असेल तर माझं मत कॅथलॅब. शिरेत डाय, म्हणजे एक्सरेवर दिसणारं औषध, सोडला की एक्सरेवर शीर किती रुंद आहे, किडनीच्या शिरा कुठे येऊन मिळतात सगळं दिसतं, आणि फिल्टर उघडताना तिरका झाला तर तिथल्या तिथे कळतं.

पण व्हेंटिलेटर, बीपीच्या औषधांचे पंप, वर मणक्याला मार, अशा पेशंटला लिफ्टमधून नेणं हाच मोठा धोका, आणि किडनी आधीच दमलेली असेल तर डायही नको वाटतो. तिथे बेडवरच करणं खरंच चांगलं.

त्यातही दोन प्रकार आहेत. पोटावरून डॉपलर, म्हणजे नेहमीसारखी सोनोग्राफी, करायचा तर शीर नीट दिसायला हवी, आतड्यातला गॅस, जाड पोट, ऑपरेशनचं ड्रेसिंग यातलं काहीही आडवं येतं, आणि दिसत नसेल तर अंदाजाने फिल्टर सोडायचाच नाही. दुसरा आयव्हस, म्हणजे बारीक प्रोब शिरेच्या आतूनच फिरवतात, त्याला गॅस-चरबीचं काही नाही. हृदयाकडून हळूहळू खाली ओढत आणलं की आधी लिव्हरच्या शिरा, मग किडनीच्या, आणि शेवटी दोन्ही पायांकडून येणाऱ्या शिरा जिथे मिळतात ती जागा दिसते. फिल्टर बसतो किडनीच्या शिरांच्या जरा खाली. मात्र एकाच पंक्चरमधून करताना बरेचदा प्रोब काढून मग फिल्टर आत घालतात, म्हणजे सोडायच्या क्षणी चित्र नसतं, मोजलेल्या अंतरावर भरवसा. माप चुकलं तर फिल्टर खाली इलियाक शिरेत, म्हणजे पायाकडून येणाऱ्या त्या दोनपैकी एका शिरेत, उघडू शकतो. दुसरं पंक्चर केलं तर बघत बघत सोडता येतो. म्हणून टीमचा यात हात किती बसलाय हे बिनधास्त विचारा.

आधीचा पोटाचा सीटी असेल तर तो बघायला लावाच, काहींना आयव्हीसी दोन असतात, काहींची २८ मिमीपेक्षा रुंद असते आणि मग नेहमीचे बरेचसे फिल्टर चालत नाहीत.

बेडवर केलं तर नंतर पोटाचा एक्सरे हवाच. आणि कुठेही टाका, काढायचं कधी ते आत्ताच विचारा. गुठळीचा धोका टळला असेल तर साधारण २९ ते ५४ दिवसांत काढणं फायद्याचं, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ साली सांगितलंय, तेव्हा ती तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या.