सॅम्पल बसतं, बल्क बसत नाही: फॅक्टरीच्या कस्टम निटवेअर डेव्हलपमेंट सेवेचं परीक्षण

ब्रँडला स्वतःच्या डिझाइनचे स्वेटर करून घ्यायचे असले की फॅक्टरीची डेव्हलपमेंट सेवा घ्यावी लागते. सूत निवडण्यापासून पीपी सॅम्पलपर्यंतचं, म्हणजे बल्क (मोठं उत्पादन) सुरू होण्याआधीच्या मंजुरीच्या नमुन्यापर्यंतचं, सगळं काम तिच्यात येतं. पैसे मोजावेत अशी ती आहे का? आहे, पण धुतलेला स्वॉच (चाचणीसाठी विणलेला तुकडा) आणि त्याचे आकडे मागून घेणाऱ्यालाच. फोटो पाठवून ‘असा करून द्या’ म्हणणाऱ्याच्या हाती एक देखणा नग पडतो. दुसरा तसाच निघेल याची खात्री फॅक्टरीलाही नसते.

पहिला प्रश्न गेजचा. मशीनवर एका इंचात किती सुया, ते गेज. 12 गेजला 2/28 एनएम (सुताचा मेट्रिक नंबर) सुताचा एक पदर पुरतो, तेच सूत 7 गेजवर घेतलं तर साधारण तीन पदर लागतात. 2/28 म्हणजे एका ग्रॅमला 28 मीटर भरणारे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणून तयार सूत ग्रॅमला 14 मीटर. जाणता मर्चंडायझर (फॅक्टरीत ऑर्डर सांभाळणारा माणूस) फोटो पाहून आधी गेज आणि नगाचं वजन विचारतो. पहिलाच प्रश्न रंगाचा आला, तर समोरचा माणूस विणकामातला नाही असं खुशाल समजावं.

खरी कसोटी स्वॉचची. मशीनवरून उतरलेला तुकडा ताणलेला असतो, त्याच्यावरून माप काढणं म्हणजे स्वतःला फसवणं. धुण्याआधी आडवे 50 टाके आणि उभ्या 50 ओळी मोजून रंगीत दोऱ्याने खुणा करायच्या. मग बल्क जसं धुणार तसंच धुवायचं: तेच सॉफ्टनर, तेच तापमान, ड्रायरमध्ये तेवढीच मिनिटं. वाळल्यावर लगेच पट्टी लावायची नाही. 20 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेत सपाट पडू द्यायचा आणि मग खुणांमधलं अंतर मोजायचं.

एवढा खटाटोप कशासाठी, ते हिशेबात दिसतं. धुतलेल्या स्वॉचवर 10 सेंटिमीटरला 60 टाके भरले, तर 52 सेंटिमीटर रुंदीच्या पुढच्या भागाला 312 सुया लागतात. बल्कमध्ये टाका जरा सैल सुटला आणि 10 सेंटिमीटरला 58 च भरले, तर त्याच 312 सुयांचा भाग जवळजवळ 53.8 सेंटिमीटर होतो. मागचा भाग धरला तर छातीच्या घेरात साडेतीन सेंटिमीटरची वाढ. कटिंगवाल्याचा दोष नाही, कारण फुली फॅशन्ड कामात कटिंगच नसतं. आकार मशीनवरच घडतो. म्हणून चांगल्या फॅक्टरीत विणकर ठरावीक वेळाने दहा टाके आडवे ताणून त्यांची लांबी मोजतो आणि कागदावर लिहितो. हा कागद मागून पाहावा. सुताचा लॉट (एकाच वेळी रंगवलेला साठा) बदलला, सुतावरचं मेण कमी-जास्त झालं, तरी हा आकडा हलतो.

सुताच्या निवडीत फॅक्टरीचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, फक्त मऊपणाच्या बाबतीत सावध राहावं. आखूड तंतूंचं, कमी पिळाचं सूत हाताला लोण्यासारखं लागतं आणि गोळे धरतं. सॉफ्टनर जास्त झालं तर आणखीच. आयएसओ 12945 प्रमाणे चाचणी करून ग्रेड लिहून घ्यावी. तिथे 5 उत्तम, 1 वाईट. सुपरवॉश मेरिनो धुतल्यावर लांब होण्याकडे झुकते, जाड सुती स्वेटर हँगरवर आपल्याच वजनाने उतरतो. दोन्हींच्या खांद्याला टेप हवीच.

लिंकिंगवर (विणलेले भाग फाशाला फासा जोडण्याच्या कामावर) बहुतेक परीक्षक एक वाक्य लिहून पुढे जातात; तिथे थांबायला हवं. गळपट्टीचा एकेक फासा डायलच्या (लिंकिंग मशीनच्या टोकदार चकतीच्या) एकेका टोकावर चढवला जातो. एक सुटला तर कपडा घडी करून ठेवलेला असताना काहीच दिसत नाही; गळा ताणला की बारीक भोक पडतं आणि पुढच्या धुलाईत टाका खाली उसवत जातो. तपासणी सोपी आहे: प्रौढ माणसाच्या पुलओव्हरचा गळा पूर्ण ताणावा, घेर किमान 60 सेंटिमीटर भरला पाहिजे, दोरा कुरकुरता कामा नये, आणि ताणलेल्या अवस्थेतच गळा उजेडासमोर धरून पाहावा.

रंगाचं काम बहुतेक ठिकाणी नीट होतं. लॅब डिप (मंजुरीसाठी रंगवलेला छोटा नमुना) सुताच्या लडीवर नव्हे, विणलेल्या तुकड्यावर आणि निदान दोन प्रकाशांत पाहावा, इतकंच.

नाराजी आहे ती किमान ऑर्डरच्या बोलण्याबद्दल. फॅक्टरी ‘रंगाला 200 नग’ म्हणते आणि कारण सांगत नाही. कारण बहुधा रंगाईच्या भांड्यात असतं. 300 ग्रॅमचे 200 नग म्हणजे 60 किलो, 5 टक्के वाया धरले तर 63 किलो सूत. याहून छोटा लॉट रंगवणाऱ्याला परवडत नाही. छोट्या ब्रँडने अशा वेळी सूतगिरणीच्या तयार रंगांच्या यादीतून निवड करावी, मग हीच फॅक्टरी 50 नगांवरही बोलायला तयार होऊ शकते. डिझाइनमध्येही हात आखडता घ्यावा. केबलमध्ये (वेणीसारख्या विणीत) टाके इकडून तिकडे हलवताना मशीन मंदावतं, आणि दर ठरतो तो मशीनच्या मिनिटांवर. एका ओळीत चार रंगांचं जॅकार्ड (न दिसणारे रंग कापडाच्या मागून नेणारी नक्षी) केलं की कापड जाड आणि जड होतं. मोठे ठोकळे असतील तर इंटार्शिया (प्रत्येक ठोकळ्याला त्याचंच वेगळं सूत) बरा.

आणखी एक गोष्ट करारातच घालावी: मशीनची प्रोग्रॅम फाइल कोणाची. बहुतेक फॅक्टऱ्या ती स्वतःकडे ठेवतात, आणि दुसरीकडे जायची वेळ आली की डेव्हलपमेंटचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. पीपी सॅम्पलचे दोन सारखे नग करून घ्यावेत, एक ब्रँडकडे, एक फॅक्टरीत. टॅगवर सुताचा लॉट, गेज, दहा टाक्यांची ताणलेली लांबी, धुलाईची कृती आणि धुतल्यानंतरचं वजन लिहिलेलं नसेल, तर त्यावर सही करू नये.