मुखपृष्ठं समोर ठेवणारं मुलांचं पुस्तक-रॅक: घ्यावं का?

अजून वाचता न येणाऱ्या मुलाला कपाटात उभी लावलेली पुस्तकं म्हणजे नुसत्या रंगीत पट्ट्या. कण्यावरून हत्तीचं पुस्तक कोणतं ते कळत नाही, मग ते हातही लावत नाही. मुखपृष्ठ समोर ठेवणारं बुटकं रॅक हीच अडचण दूर करतं. दोन ते सहा वर्षांच्या मुलासाठी, जागा असेल तर जरूर घ्यावं.

सगळ्यात वरचं पुस्तक टाचा न उचलता काढता यायला हवं. तीन वर्षांच्या मुलाला ७० सेंमी उंची पुरते. कप्प्याची खोली ६ ते ८ सेंमी. त्याहून खोल कप्प्यात पुस्तकं एकामागे एक कोंबली जातात, मागची दिसेनाशी होतात, मग रॅक घेऊन मिळवलं काय? पुढची पट्टी ५-६ सेंमी असावी. जास्त उंच पट्टी निम्मं चित्र झाकते, फार बुटकी असेल तर जाड पुठ्ठ्याची पुस्तकं पुढे कलंडतात.

कापडी कप्प्यांचं रॅक हलकं असतं, कोपरे लागत नाहीत. पण वजनाने कापड मधोमध लोंबतं, पुस्तकं तिथे घसरून एकमेकांवर चढतात आणि पातळ पुस्तकं वाकतात. घ्यायचंच तर जाड कापड, दुहेरी शिवण आणि काढून धुता येण्याची सोय बघावी. आमची पसंती लाकडी रॅकला. एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं) असेल तर ओलं फडकं फिरवू नये, कडा फुगतात. जोडताना सगळे स्क्रू आधी अर्धवट बसवावेत, रॅक सपाट जमिनीवर उभं करून डगमगत नाही ना ते पाहावं आणि मगच आवळावेत. एक बाजू आधी आवळली की दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत. स्क्रू पुन्हा पुन्हा काढले तर एमडीएफची भोकं सैल होतात.

मुलं कप्प्यांवर पायरीसारखी चढतात, त्यामुळे रॅक पट्ट्याने भिंतीला बांधणं ऐच्छिक नाही. भिंतीला भोक नको म्हणून अनेकजण नेमकं हेच टाळतात. ते जमणार नसेल तर रॅक घेऊच नये. जमिनीवर ठेवलेली उथळ टोपली बरी.

एका वेळी ८ ते १२ पुस्तकंच लावावीत, बाकीची खोक्यात. आठवड्याला तीन-चार बदलावीत, सगळी एकदम नाहीत. शंभरदा वाचून तुम्हाला कंटाळा आलेलं लाडकं पुस्तक मात्र जागचं हलवू नये. रॅक टीव्हीखाली नको. शेजारी बसायला चटई आणि पानावर पडेल असा उजेड हवा.

मूल कण्यावरची नावं वाचायला लागलं की हे रॅक अपुरं पडतं. तेव्हा साधं कपाट घ्यावं.