हायस्कूलसाठीचा लैंगिक आरोग्य शिक्षण संच : वर्गातील वापरानंतरचा अभिप्राय

हायस्कूलच्या वरच्या वर्गांना लैंगिक आरोग्य आणि एचआयव्ही-प्रतिबंध शिकवण्यासाठी आमच्या शाळेने एक तयार संच घेतला. शिक्षक-मार्गदर्शिका, शरीररचनेचे तक्ते, प्रसंगकार्डे, कंडोमच्या प्रात्यक्षिकासाठी लाकडी नमुना आणि कुलूपबंद प्रश्नपेटी असे साहित्य त्यात आहे.

यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे प्रश्नपेटी. प्रत्येक मुलाला सारखीच चिठ्ठी द्यायची, सर्वांनी काहीतरी लिहायचेच आणि ज्याला विचारायचे नसेल त्याने ‘प्रश्न नाही’ असे लिहून चिठ्ठी टाकायची, अशी पद्धत मार्गदर्शिकेत सांगितली आहे; त्यामुळे कोण लिहितो आहे आणि कोण नाही, हे शेजारच्यालाही कळत नाही. एरवी मान खाली घालून बसणाऱ्या वर्गातून आमच्याकडे भरभरून प्रश्न आले. डास चावल्याने एचआयव्ही होतो का, या प्रश्नाला मार्गदर्शिका नुसते ‘नाही’ म्हणून थांबत नाही. डास चावताना स्वतःची लाळ सोडतो, आधी शोषलेले रक्त दुसऱ्याच्या अंगात सोडत नाही आणि हा विषाणू डासाच्या शरीरात वाढूही शकत नाही, असे कारण ती देते. कारण कळले की मुलांच्या मनातली भीती खरोखर जाते, हे मी वर्गात पाहिले आहे.

कंडोमचा पाठही नेमका आहे. पाकिटावरची मुदत पाहणे, ते दातांनी न फाडणे, टोकातली हवा काढणे आणि तेलकट पदार्थांनी लॅटेक्स कमकुवत होते हे लक्षात ठेवणे, या बाबी क्रमाने येतात. मासिक पाळी आणि गर्भधारणेचा भाग नेटका आहे.

माझा खरा आक्षेप ‘परिणाम’ या तक्त्यावर आहे. हाडे वर आलेल्या रुग्णांची चित्रे दाखवून मुलांना धाक घालण्याचा तो प्रयत्न आहे. 1996 पासून एचआयव्हीवर एकत्रित औषधोपचार उपलब्ध आहेत; वेळेवर सुरू केलेली आणि नियमित घेतलेली औषधे माणसाला दीर्घायुष्य देतात आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. त्या चित्रांसमोर बसलेल्या मुलांपैकी एखादे जन्मापासून एचआयव्हीसह जगत असू शकते, रोज गोळी घेऊन शाळेत येत असू शकते. त्या मुलाला आपण काय दाखवतो आहोत, याचा विचार हा तक्ता करणाऱ्यांनी केलेला नाही. मी तो वर्गात उघडलाच नाही.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. कंडोम फाटला किंवा कोणी जबरदस्ती केली, तर पुढे काय करायचे याबद्दल संचात केवळ ‘चाचणी करून घ्यावी’ एवढेच वाक्य आहे. संसर्ग टाळण्यासाठी ‘पेप’ नावाची औषधे असतात, ती शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात, ही माहिती मुलांच्या हाती आधीच असायला हवी. चाचणीचेही तसेच. संसर्गानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि केवळ प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, तपासणाऱ्या चाचणीत संसर्ग दिसायला 90 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, हे न सांगता ‘चाचणी करा’ म्हटल्याने खोटा दिलासा मिळण्याचा धोका आहे.

प्रसंगकार्डे संमतीबद्दल स्पष्ट बोलतात, मात्र सर्व कार्डांत दबाव आणणारा मुलगा आणि नकार देणारी मुलगीच आहे. मुलग्यांवरही अत्याचार होतात आणि बऱ्याचदा ते करणारी व्यक्ती ओळखीतली, वयाने मोठी असते. त्या मुलाने कोणाला आणि कसे सांगावे, यावर एकही कार्ड नाही.

पालकांसाठीचे पान मात्र उपयोगी पडले. अशा शिक्षणाने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात असे आढळलेले नाही, हा युनेस्कोच्या 2018 च्या सुधारित मार्गदर्शिकेतील निष्कर्ष त्यात साध्या भाषेत मांडला आहे आणि पालकसभेतल्या बहुतेक शंकांना तेथूनच उत्तर देता आले.

शाळांनी हा संच जरूर घ्यावा, पण ‘परिणाम’ तक्ता बाजूला ठेवावा आणि 72 तासांची माहिती, जवळच्या उपचार केंद्राचा पत्ता व बालसाहाय्य क्रमांक छापलेले खिशात मावेल असे कार्ड स्वतः तयार करून प्रत्येक विद्यार्थ्याला द्यावे. निर्मात्यांनी पुढच्या आवृत्तीत हे कार्ड संचातच घालावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.