नवऱ्याने दुसरं लग्न केलं: आधी फौजदारी तक्रार की पोटगी?

हिंदू नवऱ्याने घटस्फोटाविना दुसरं लग्न उरकलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 82 लागतं. सात वर्षांपर्यंत कैद. धर्म बदलून दुसरं लग्न करण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच बुजवली. 2000 मध्ये धर्मस्वातंत्र्याचा बचावही टिकला नाही. मात्र गुन्हा अदखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या परवानगीविना तपास करू शकत नाहीत), म्हणून पोलीस ठाण्यात खेटे घालू नका, तक्रार थेट दंडाधिकाऱ्यांकडे. घोडं अडतं पुराव्यावर. सप्तपदी किंवा रूढीचा विधी पाहिलेला साक्षीदार हवा. गळ्यात हार घातलेला फोटो पुरत नाही, आणि पाहुणे ऐनवेळी फिरतात.

पोटगीला (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 144) हा काथ्याकूट नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलंय किंवा बाई ठेवलीय, एवढ्यावर तुमचं वेगळं राहणं रास्त ठरतं. तुम्ही ज्या शहरात राहता, तिथल्याच न्यायालयात अर्ज करता येतो. सोबत उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र. घरभाडं थकलं असेल तर आधी हा पोटगीचा अर्जच.