तिसरी घंटा वाजते आणि पडदा पडतो

('हाउस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेचे पहिले दोन सीझन पाहून झालेल्यांसाठी लिहितोय. बाकीच्यांनी पुढे वाचलं तर कोण मरतं, कोण उरतं ते सगळं कळेल. नंतर तक्रार नको.)

सोमवारी सकाळी साडेसहाला आमच्या सांगलीच्या घरात ड्रॅगन उडायचे. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला नवा भाग लागला की आपल्याकडे तीच वेळ. लेक पुण्यात नोकरीला. ती तिकडे लॅपटॉपसमोर, मी इकडे टीव्हीसमोर, फोन स्पीकरवर, आणि "तीन, दोन, एक" म्हणून दोघांनी एकदम सुरू करायचं. तिचं इंटरनेट माझ्यापेक्षा पाच-सहा सेकंद पुढे. त्यामुळे इकडे कोणी मरायच्या आधीच तिचं "अरे देवा" ऐकू यायचं. २०२२चा पहिला सीझन आणि २०२४चा दुसरा, दोन्ही असेच पाहिले.

माझी पात्रता सांगतो. मी बावीस वर्षं हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग करतोय. स्टेजवर एकदाच गेलो, हवालदार म्हणून, एका वाक्यापुरता, आणि तेच विसरलो. तेव्हापासून विंगेतल्या अंधारात वही मांडीवर घेऊन बसतो. तिथे बसून एक खोड लागते. पात्र आत आलं की मन विचारतं, हा आत्ता का आला? गेलं की विचारतं, येऊन काय झालं? ही खोड मालिका बघतानाही सुटत नाही.

लेकीचं म्हणणं एका वाक्यात असं: पहिला सीझन पळतो, दुसरा रांगतो. बहुतेकांचं हेच मत दिसतं. मला ते अर्धंच पटतं, आणि त्यावरून आमची अजून भांडणं होतात.

पहिल्या सीझनचे दहा भाग, आणि त्यात वीसेक वर्षं उरकलेली. पाचव्या आणि सहाव्या भागाच्या मध्ये सरळ दहा वर्षं जातात. गादीची वारस राजकन्या रेनीरा आणि तिची मैत्रीण ॲलिसंट झालेल्या मिली अल्कॉक आणि एमिली केरी जातात, त्यांच्या जागी एमा डार्सी आणि ऑलिव्हिया कुक येतात. लेक त्या सोमवारी खरंच चिडली होती. "बाबा, आत्ता कुठे मला रेनीरा आवडायला लागली होती, आणि हिला बदलली?" मी म्हटलं, दहा मिनिटं थांब. सहाव्या भागाची सुरुवात आठवा. रेनीरा बाळंत होते, वार पडायच्या आधीच राणी ॲलिसंटचा निरोप येतो, मूल आत्ताच्या आत्ता दाखवायला आण. ही ओली बाळंतीण नवऱ्याचा हात धरून तशीच निघते, जिने चढते, फरशीवर रक्ताचे थेंब पडत जातात. कॅमेरा तिला सोडतच नाही. एकेकाळच्या जिवलग मैत्रिणींचं दहा वर्षांत काय झालं, हे एका चालण्यात कळलं. याला मी पळणं म्हणणार नाही. वर्षं गाळली, पण त्या वर्षांचं ओझं बाईच्या पावलात ठेवलं.

आणि व्हिसेरिस. पॅडी कॉन्सिडाइनचा हा राजा, रेनीराचा बाप आणि ॲलिसंटचा नवरा, म्हणजे पहिल्या सीझनचं कॅलेंडर. पहिल्या भागात पाठीवर एक न भरणारी जखम. मग बोट सडतं, त्यावर किडे सोडतात. मग बोटंच नाहीत. दहा वर्षांनी हात नाही. आठव्या भागात अर्धा चेहरा गेलेला, त्यावर सोन्याचा मुखवटा. पडद्यावर 'सहा वर्षांनंतर' लिहायची गरजच नव्हती, माणसाकडे बघितलं की हिशोब लागत होता. त्या भागात तो दरबाराच्या दारातून सिंहासनापर्यंत काठी टेकत जातो, ते अंतर मी आजवर टीव्हीवर पाहिलेलं सर्वांत लांब अंतर असेल. पायऱ्यांवर मुकुट घरंगळतो, आणि ज्या भावाशी जन्मभर वाकडं, तो डेमन तो उचलून डोक्यावर ठेवतो. मुकुट चित्रीकरणात खरंच चुकून पडला होता आणि मॅट स्मिथने तो प्रसंग तसाच सांभाळून घेतला, हे नंतर वाचलं. नट असे असले की प्रॉम्प्टरला झोप काढता येते.

त्याच भागाच्या शेवटी जे होतं, ते मात्र माझ्या धंद्यातलं. मरणपंथाला लागलेला राजा अफूच्या गुंगीत पूर्वजाच्या स्वप्नाबद्दल पुटपुटतो, एगॉन, एगॉन. उशाशी बसलेल्या ॲलिसंटला वाटतं, त्याच नावाच्या आपल्या मुलाला गादी द्या म्हणतोय. आणि युद्ध पेटतं. अर्धवट ऐकलेला क्यू! लेकीला हे फार हुकमी वाटलं. "एवढं मोठं युद्ध, आणि कारण काय, तर ऐकू नीट आलं नाही?" मला वाटलं नाही. विंगेतून दिलेला शब्द समोरच्याने स्वतःला हवा तसा ऐकलाय, आणि मग नाटक तिसरीकडेच गेलंय, हे मी किमान चार वेळा भोगलंय. ऐकणाऱ्याच्या मनात जे आधीच असतं, तेच ऐकू येतं. ॲलिसंट खोटं बोलत नाही, आणि तिला जे हवं होतं तेच नेमकं ऐकू आलंय, या दोन्ही गोष्टी ऑलिव्हिया कुकच्या एका चेहऱ्यावर दिसतात.

मग पहिल्या सीझनमध्ये काहीच चुकलं नाही का? चुकलं की. उड्या मारताना माणसं खाली पडली.

आमच्या एका प्रयोगात नायकाने दुसऱ्या अंकात चार पानं एकदम ओलांडली. मी घसा फुटेपर्यंत मागचं वाक्य देतोय, हा आपला पुढेच. नाटक कसंबसं जुळलं, प्रेक्षकांना कळलंही नाही, पण त्या चार पानांत ज्याचा एकमेव प्रवेश होता तो काका मिशा लावून विंगेतच उभा राहिला. लेना व्हेलॅरियन बघताना मला तो काका आठवला. या बाईकडे जगातला सर्वांत मोठा ड्रॅगन, ही डेमनची बायको, आणि वयात आल्यावर आपल्या वाट्याला येते किती, तर पाचव्या भागात थोडी आणि सहाव्यात. त्याच सहाव्यात ती स्वतःच्या ड्रॅगनपुढे उभी राहून जळून मरते. दृश्य भयंकर आहे, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ओळखच नव्हती. हारविन स्ट्राँगचं तेच. रेनीराच्या तीन मुलांचा बाप म्हणून ज्याच्यावरून पुढे एवढं रणकंदन, तो धड चार वाक्यं बोलायच्या आत आगीत गेला.

सगळ्यात खटकला क्रिस्टन कोल. पाचव्या भागात राजकन्येच्या लग्नाच्या मेजवानीत हा राजरक्षक एका सरदाराला सगळ्यांदेखत बुक्क्यांनी ठार मारतो. पुढच्या भागात दहा वर्षं झालेली, आणि हा त्याच पांढऱ्या झग्यात राजपुत्रांना तलवार शिकवतोय! राजाने विचारलं नाही? मेलेल्याच्या घरच्यांनी? ॲलिसंटने वाचवलं असणार हे आपण समजून घ्यायचं. समजून घेतो, पण तो प्रवेश लिहायला हवा होता. मूळ पुस्तक बखरीच्या थाटाचं आहे, २०१८चं. बखरकार 'दहा वर्षे लोटली' म्हणून पुढे जाऊ शकतो, वाचक हरकत घेत नाही. पडद्यावर माणूस दिसतो, म्हणून माणसाचा हिशोब मागितला जातो.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये 'रिंग्ज ऑफ पॉवर' ही दुसरी मालिकाही चालू होती. तिथे उलट तऱ्हा. ते छोट्या चणीचे हारफूट लोक भाग भाग चालत राहायचे, आणि मी मोबाइल उघडायचो. मात्र तिच्या दुसऱ्या सीझनमध्ये सेलेब्रिंबोर नावाच्या म्हाताऱ्या कारागिराला सॉरॉन गोड बोलून एकाच भट्टीपाशी जखडून ठेवतो, बाहेर शहर पेटलंय आणि आत हा अंगठ्या घडवतोय, ते चार्ल्स एडवर्ड्सने असं केलंय की एकाच खोलीतली ती सगळी दृश्यं मी श्वास धरून पाहिली. खोली तीच, पण दर वेळी म्हातारा थोडा अधिक फसलेला असतो.

आता 'ड्रॅगन'चा दुसरा सीझन. आठ भाग. इथे वर्षं नाहीत, थोडक्या काळातली गोष्ट आहे. म्हणजे माणसांजवळ बसायला भरपूर सवड. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं.

डेमन तिसऱ्या भागात हॅरनहॉलला पोचतो. पडका, गळका, भुताटकीचा किल्ला. सैन्य जमवायला म्हणून जातो, आणि आठव्या भागापर्यंत तिथेच. रात्री स्वप्नं पडतात, तरुण रेनीरा दिसते, आई दिसते, मेलेला भाऊ दिसतो. पहिलं स्वप्न पाहून अंगावर काटा आला. दुसऱ्याला मान डोलावली. पुढे आमची ही चहा घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "अजून तो त्या वाड्यातच आहे?" चार सोमवार तिने हाच प्रश्न विचारला, आणि चारही वेळा उत्तर तेच. ती मालिका बघत नाही. तरी तिच्याइतकं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलं नाही. त्या वाड्यात सायमन रसेल बीलचा तो गुबगुबीत, शालीन किल्लेदार नसता तर मीही उठून आंघोळीला गेलो असतो.

डेमन बदलत नाही असं नाही. शेवटी तो बायकोपुढे, म्हणजे आता रेनीरापुढे, गुडघे टेकतो. पण सहा भागांत जी सहा दृश्यं झाली, त्यांचा क्रम उलटासुलटा केला तरी काही बिघडलं नसतं. मी वहीत बघून सांगतो, असे प्रवेश तालमीतच कापले जातात.

रेनीराचंही तेच. ड्रॅगनस्टोन या तिच्या बेटावरच्या त्या नक्षीदार मेजाभोवती सल्लागार बसलेत, ते म्हणतात लढा, ती म्हणते थांबा. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच मेज. तिसऱ्या भागात ती जोगिणीच्या वेशात शत्रूच्या शहरात शिरून ॲलिसंटला भेटते, ते मला आवडलं, कारण तो चुकलेला क्यू तिथे उघडा पडतो. ॲलिसंटला कळतं, आणि तरी ती मागे फिरत नाही. आठव्या भागात मात्र उलटी भेट, आता ॲलिसंट इकडे येते. लेक म्हणाली, "भाड्याच्या होड्या लावल्यात का यांनी?"

आणि तरीही याच सीझनमध्ये एगॉन आहे. टॉम ग्लिन-कार्नीने केलेला हा नालायक पोरगा राजा. पहिल्या सीझनमध्ये मला त्याची किळस होती. मग दुसऱ्याच्या पहिल्याच भागात त्याच्या चिमुकल्या मुलाचा झोपेत खून होतो. रागात तो शहरातले सगळे उंदीर मारणारे फासावर लटकवतो, अपराधी-निरपराधी न बघता. चौथ्या भागात आईला विचारतो, मी काय करू? ती म्हणते, काही करू नकोस. बस, तो दारू पितो, ड्रॅगनवर चढतो आणि रुक्स रेस्टच्या लढाईत जळून पडतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून आलेली. त्याला फार वेळही दिलेला नाही, पण दर वेळी तो आत आला की पुढच्या प्रवेशाचं कारण मागे ठेवून गेला. डेमनच्या स्वप्नांतली दोन कापून या पोराला, किंवा मुलाला गमावलेल्या हेलेनाला दिली असती तर! फिया सबानची हेलेना पहिल्या भागानंतर जवळजवळ विंगेतच उभी आहे.

चौथा भाग मी दोनदा पाहिला. रेनीराच्या बाजूने लढणारी रेनिस म्हाताऱ्या ड्रॅगनवरून परत जाऊ शकली असती. ती वळते, ईव्ह बेस्टच्या डोळ्यांत ते आधी दिसतं. (पहिल्या सीझनमध्ये हीच बाई एगॉनच्या राज्याभिषेकात ड्रॅगनसह जमीन फोडून वर आली होती आणि कुणालाही न जाळता निघून गेली होती. ते मी अजून माफ केलेलं नाही.)

५ ऑगस्ट २०२४, आठवा भाग. उत्तरेचं सैन्य निघालं. लॅनिस्टर निघाले. आरमार निघालं. संगीत चढत गेलं, मी खुर्चीत पुढे सरकलो. तिसरी घंटा वाजल्यावर नाट्यगृहात दिवे मंदावतात ना, अगदी तसं. आणि श्रेयनामावली सुरू झाली. समुद्रावरची मोठी लढाई तिसऱ्या सीझनसाठी राखून ठेवली होती. तिकडे पुण्यात पाच सेकंद आधीच शांतता पसरली होती, मला वाटलं फोन कट झाला.

नव्याने बघणार असाल तर पहिला सीझन सलग दोन-तीन दिवसांत बघा, उड्या कमी टोचतात. सातवा भाग दिवसा पडदे लावून बघा, रात्रीची दृश्यं इतकी काळी आहेत की कोण कोणाला मारतंय कळत नाही. दुसऱ्यातले पहिला, चौथा आणि सातवा चुकवू नका. बाकीचे भाजी निवडत चालतील. मी पहिल्याला दहापैकी साडेआठ देतो, दुसऱ्याला सहा. लेक दोन्हींना सात देते आणि म्हणते, बाबा, तुम्ही सगळ्याचं नाटक करता.

त्या शेवटच्या सोमवारी ही चहा घेऊन आली, टीव्हीकडे बघितलं.

"निघाला का तो वाड्यातून?"

"निघाला."

"मग?"

"मग संपलं."

तिने कप ठेवला आणि म्हणाली, "पावणेआठ झालेत. तुम्ही निघा आता."