व्हायरस, नऊशे रुपयांचं अँटिव्हायरस आणि वजनकाट्यातला सेल: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरमधली जाणकार नाही. नागपूरच्या नंदनवनात घरी बसून लग्नाचे बायोडेटा आणि पत्रिकांचा मजकूर टाइप करून देते, तेही २०१२ पासून एकाच डेस्कटॉपवर. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज १०. असा ज्यांच्याकडे आहे त्यांना वेग सांगायला नको. बटण दाबून चहा टाकायचा, गाळून झाला की डेस्कटॉप दिसतो. नवा घ्या म्हणणाऱ्यांना एवढंच, की माझे सगळे फॉण्ट आणि जुनं कोरल (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) यावर बसलंय आणि चालतंय. चालतं ते टाकायचं काहून?

मागच्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, कामाची गर्दी सुरू झाली आणि पेन ड्राइव्हवरच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावणाऱ्यांना हा व्हायरस माहीत आहेच. वाईट भाग असा की शॉर्टकटवर क्लिक केलं तरी आपलं फोल्डर उघडतं, म्हणून पहिले आठ दिवस संशयच येत नाही. खरं फोल्डर तो लपवतो, त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो, आणि आपण क्लिक केलं की आधी स्वतःची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) चालवून मग फोल्डर दाखवतो. ती स्क्रिप्ट कॉम्प्युटरच्या ॲपडेटा फोल्डरात (प्रोग्रामांचा माल ठेवायची लपलेली जागा) आणि स्टार्टअपमध्ये (कॉम्प्युटर लागताच आपोआप चालणारी यादी) जाऊन बसते. तिथून पुढे जो पेन ड्राइव्ह लागेल त्याचं तेच. म्हणजे पेन ड्राइव्ह कितीही धुतला तरी घाण घरात आहे.

हे मला तेव्हा कळत नव्हतं. पुण्याला असलेल्या भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मार नं, काय डोकं लावून राहिली?" फॉरमॅट मारलं की कोरल पुन्हा कोण बसवून देणार? त्याची सीडीच राहिली नाही. म्हणून डिसेंबरात नऊशे रुपये मोजून एक अँटिव्हायरस घेतलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे वाचाल तर दोष पूर्ण त्यांचा नाही असं माझंच मत झालंय. तेव्हा मात्र मी पाचपैकी एक तारा देऊन बसले होते.

कारण ऐका. ते शॉर्टकट पुसायचं, कोपऱ्यात 'धोका दूर केला' अशी चौकट यायची, आणि दोन मिनिटांत शॉर्टकट परत. एका संध्याकाळी मोजल्या, ६१ चौकटी. मधूनच 'परवाना वैध नाही'. अहो, पावती माझ्या हातात आहे! हेल्पलाइनला तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी एका मुलाने कॉम्प्युटर लांबून ताब्यात घेतला. आधी तो जोडलाच जाईना, तर म्हणाला, "मॅडम, तुमची तारीख चुकीची आहे, आजची टाका." टाकली. जोडला, अपडेट झालं, त्यानं दीड तास बसून सगळं साफ केलं आणि शेवटी वरच्या किमतीचा पॅक घ्या म्हणाला. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी मी दुकानातून पेन ड्राइव्ह आणला, लावला, आणि पुन्हा तेच.

आता मूळ मुद्दा. काही लोकांना यावर एवढं लिहिणं जास्त वाटेल, वाटू द्या.

माझा कॉम्प्युटर रोज सकाळी १ जानेवारी २०१२ ही तारीख दाखवायचा. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या, एफ-वन दाबलं की पुढे जायचा. किती महिने दाबलं विचारू नका, त्या बटणावरचं अक्षर पुसलं गेलंय. मला वाटलं वय झालं, विसरतो. पुढे पुढे तारीख बदलणंच सोडलं. व्हॉट्सॲप वेब उघडेना, क्रोम म्हणे तुमचं घड्याळ मागे आहे, तर मी फोनवर काम करू लागले. एका मुलीचा बायोडेटा टाइप केला, त्या फाइलची तारीख ती सहावीत असतानाची!

मार्चमध्ये होळीला भाचा घरी आला. धुळवडीला रंग खेळून आल्यावर त्यानं कॅबिनेट उघडलं, धूळ काढायला म्हणून. कूलरच्या खोलीतला कॉम्प्युटर, आत ओलसर धुळीचा नमदा झाला होता. आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक रुपयासारखा चकचकीत सेल असतो, सीआर २०३२. (२० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून २०३२. मला हे फारच आवडलं.) त्यानं मल्टिमीटर लावला. तीन व्होल्ट हवेत, होता १.१.

कॉम्प्युटरला वीज मिळत नसते तेव्हा घड्याळ या सेलवर चालतं. आणि आमच्या घरचा नियम काय, तर रात्री बोर्डाचं बटण बंद! वीज वाचते म्हणून मीच लावलेला नियम. म्हणजे रोज रात्री मीच त्याची स्मरणशक्ती काढून घेत होते. तारीख जुनी, तर सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं (साइट खरी असल्याचे मुदतीचे दाखले) जुळत नाहीत. ती जुळत नाहीत, तर अपडेट उतरत नाही. अपडेट नाही, तर अँटिव्हायरस आंधळं. परवान्याचंही तेच, डिसेंबर २०२४ ला सुरू झालेला परवाना २०१२ मध्ये वैध कसा असेल? विंडोज इंटरनेटवरून घड्याळ लावतं म्हणतात, पण फरक फार मोठा असला की तेही हात लावत नाही.

धुळवडीच्या दिवशी बर्डीचा (सीताबर्डीचा) बाजार बंद. थांबायची तयारी नव्हती. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यात तोच सेल निघाला. काढला, बसवला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख टाकली, प्लग काढून तासभर ठेवला. परत चालू केला तर एफ-वन नाही, तारीख बरोबर. मला रडूच यायचं बाकी होतं.

मग पुढचं काम एका दुपारचं. त्या अँटिव्हायरसला निरोप दिला. ते गेलं की विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागं होतं. आधी ते अपडेट करून घेतलं, मग व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये स्कॅन ऑप्शन्सच्या खाली 'ऑफलाइन स्कॅन' निवडला. कॉम्प्युटर बंद होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला जागं व्हायची संधीच मिळत नाही. पंधरा मिनिटं लागतात म्हणतात, माझ्या डब्याला चाळीस लागली. स्टार्टअपमधली स्क्रिप्ट आणि तिची ॲपडेटातली जुळी बहीण, दोन्ही सापडल्या.

दुसऱ्या दिवशी सुरू करताना 'स्क्रिप्ट फाइल सापडत नाही' अशी चौकट. पोटात गोळा आला. भाचा म्हणाला, चांगलंच आहे, फाइल गेली, तिला हाक मारणारं वेळापत्रक तेवढं राहिलं. मयत माणसाच्या नावाचं टपाल येत राहतं तसं. मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट साधन आहे, कॉम्प्युटरसोबत काय काय आपोआप चालतं ते त्यात दिसतं, तिथल्या त्या ओळीची खूण काढली. जाता जाता त्यानं रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीतून) विंडोज स्क्रिप्ट होस्टही, म्हणजे अशा स्क्रिप्ट चालवणारा भाग, बंद करून ठेवलं. माझ्या कामात त्याची गरज नाही, आणि अशा स्क्रिप्टना तोच पाय लागतो.

पेन ड्राइव्ह सगळ्यात शेवटी. लपलेली फोल्डरं दिसण्यासाठी नुसतं 'हिडन फाइल्स दाखवा' पुरत नाही, कारण व्हायरस त्यांच्यावर सिस्टीमचाही शिक्का मारतो. अ‍ॅट्रिब कमांडनं (काळ्या खिडकीत टाइप करायची आज्ञा) दोन्ही शिक्के काढावे लागतात. शॉर्टकट पुसायचे, फोल्डर नाही. घाईत उलटं झालं तर मला दोष देऊ नका.

त्याला आता आठ महिने झाले. घरच्या मशीनवर व्हायरस एकदाही परतला नाही. डिफेंडरबद्दल तक्रार आहेच. त्याची तपासणी सुरू झाली की हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर जाते आणि कोरल हलत नाही. मे महिन्यात मी पहाटे सहाला बसून कामं उरकली, कूलर लागायच्या आत, कारण कूलर लागला की व्होल्टेजही पडतं. भाचा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) टाक म्हणतो. बघू.

मधल्या काळात मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चं नियमित अपडेट बंद केलं. माझ्या प्रोसेसरवर विंडोज ११ नियमात बसत नाही. पण वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत, म्हणून मी तेच केलं. त्यापुढचं त्यापुढे.

आणि त्या अँटिव्हायरसचा एक तारा मी मागे घेते. दोन देते. तिसरा देणार नाही, कारण त्या मुलानं तारीख चुकलेली पाहिली, माझ्याकडून बदलून घेतली, आणि ती का चुकते हे विचारलं नाही. दीड तास होता ना हातात!

सेलची पाचाची पट्टी घेतली बर्डीवरून. एक वजनकाट्यात परत गेला, तीन फ्रिजवरच्या डब्यात आहेत. पेन ड्राइव्हवर अजूनही अधूनमधून शॉर्टकट येतात, ते झेरॉक्सच्या दुकानातून. मागच्या आठवड्यात तिथल्या मुलाला म्हटलं, कोपऱ्यातली तारीख बघ बरं. "काकू, ती तशीच राहते," म्हणाला. पाचवा सेल त्याला दिला. पैसे अजून आले नाहीत.